फाइल २४ बिटची, पंखा ४८ डीबीचा

२० मार्च २०२५, गुरुवार

काल रंगपंचमीची गेर (रंगांची मिरवणूक) बघायला इंदूरच्या राजवाड्यावर गेलो होतो, डीजेच्या गाडीशेजारी उभं राहायचा गाढवपणा केला, कानात अजून शिट्टी वाजतेय. त्यामुळे आज ऐकणं बंद, नुसतं लिहिणं. बरेच दिवस डोक्यात आहे की घरात ज्या चार प्रकारच्या फाइली साठल्यात त्यांना कुठल्या प्रकारचा अँप (अँप्लिफायर) शोभतो हे एकदा स्वतः बनवून, मोजून बघायचं. दुकानात विचारलं तर जो माल पडून असतो तोच "हाय-रेझ के लिए बेस्ट" निघतो (हाय-रेझ म्हणजे सीडीपेक्षा बारीक नोंदीच्या फाइली).

फाइली अशा: सीडीवरून काढलेल्या १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक १६ बिटची) ढीगभर, विकत घेतलेल्या २४/९६ आणि थोड्या २४/१९२ च्या फ्लॅक, नऊ का दहा डीएसडी६४ (एकाच बिटच्या, सुपर ऑडिओ सीडीवाल्या), आणि अण्णाकाकांच्या कॅसेटी, ज्या दिवाळीपासून एकेक करून मी २४/९६ ला भरतोय. डॅक (फाइलमधल्या आकड्यांचा सिग्नल करणारी डबी) आहे तो फुल व्हॉल्यूमला २ व्होल्ट देतो. स्पीकर घरीच बनवलेले, साडेसहा इंची वूफर, सिल्क डोम ट्वीटर, ८ ओम, ८८ डीबी (एका वॉटला, एक मीटरवर).

अँप तीन बनवायचे. एक एलएम३८८६ चिपचा, म्हणजे साधा क्लास एबी (आउटपुटचे ट्रान्झिस्टर आळीपाळीने काम करतात). दुसरा जॉन लिन्स्ली हूडचा १० वॉटचा क्लास ए (ट्रान्झिस्टर कायम चालू), वायरलेस वर्ल्ड मासिकात १९६९ च्या एप्रिलमध्ये आलेला, चार ट्रान्झिस्टरचा. तिसरा टीपीए३२५५ चा तयार क्लास डी (भराभर चालू-बंद स्विचिंग करणारा) बोर्ड. आत्ताची माझी समजूत: डीएसडी म्हणजे क्लास ए, २४/१९२ म्हणजे लांब बँडविड्थवाला (खूप उंच फ्रिक्वेन्सीपर्यंत पोचणारा) काहीतरी, आणि सीडीला क्लास डी चालेल. कशावरून? कशावरूनच नाही, वाचून वाचून बसलेलं आहे.

२३ मार्च, रविवार

सोल्डरिंग करायच्या आधी हिशोब मांडला, आणि तो आधीच मांडायला हवा होता. ±२५ व्होल्ट सप्लायवर एलएम३८८६ मधून ८ ओमला साधारण २५ वॉट निघतात म्हणजे आउटपुटला १४ व्होल्ट. डॅक देतो २. तर लागणारा गेन (सिग्नल किती पटीने वाढवायचा) किती, तर सातपट. आणि बाजारात मिळणाऱ्या बहुतेक बोर्डांवर गेन असतो २१, कुठे कुठे ३० सुद्धा. ही सगळी सवय टेपडेक आणि ट्यूनरच्या जमान्यातली, तेव्हा सोर्स अर्धा-पाऊण व्होल्ट द्यायचा. आता डॅकचे २ व्होल्ट गुणिले २१ म्हणजे ४२ व्होल्ट, जे या अँपच्या बापाच्याने निघणार नाहीत. म्हणून व्हॉल्यूमचा नॉब कायम घड्याळातल्या आठ-नऊवर अडकलेला.

दुसरा हिशोब ताकदीचा. माझी खुर्ची स्पीकरपासून अडीच मीटरवर. ७५ डीबीने ऐकायला सरासरी पाव-अर्धा वॉट पुरतो, तबल्याची कडक थाप त्याच्या १५ डीबी वर गेली तरी १० वॉट. अमीर खाँसाहेबांचा अतिविलंबित झूमरा (अगदी संथ लयीतला ताल) लावला तर दोन मात्रांच्या मधे जी जागा असते ना, तिथे काय ऐकू येतं हा प्रश्न आहे, वॉट किती हा नाहीच. आणि खाँसाहेब १९७४ ला गेले, म्हणजे त्यांची कुठलीही फाइल, कितीही बिटची असो, जुन्या टेपवरून नाहीतर तबकडीवरूनच येणार.

३० मार्च, रविवार, पाडवा

सकाळी गुढी उभारली, श्रीखंडाआधी एलएम३८८६ चं पहिलं चॅनल उभं राहिलं. ट्रान्सफॉर्मर महाराणी रोडच्या मागच्या गल्लीतून वाइंड करून घेतलाय, १८-०-१८, ५ अँपिअर, टोरॉइडल. तो उचलून बघत दुकानदार म्हणतो, "भिया, इत्ता भारी लेके करोगे क्या, आजकल तो पूरा डीजे एसएमपीएस पे चल रिया है." एसएमपीएस म्हणजे हलका स्विचिंग सप्लाय. म्हटलं तानपुरा ऐकायचाय. त्याने असं बघितलं की बिल करताना वीस रुपये स्वतःहून कमी केले.

पहिल्यांदा वीज देताना १०० वॉटचा बल्ब सिरीजला लावला, हे कुणीही विसरू नये, एलईडी नाही, जुना तारवाला बल्ब. क्षणभर उजळला आणि मंद झाला म्हणजे ठीक. आउटपुटला डीसी ११ मिलिव्होल्ट. चिपच्या पाठीमागे मायका (वीज अडवणारी पातळ चकती) आणि ग्रीस लावताना लक्षात ठेवायचं की साध्या पॅकेजमध्ये चिपचा धातूचा भाग निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, म्हणजे हीटसिंक कॅबिनेटला लागलं आणि मायका फाटका असला की दिवाळी. हीटसिंक भंगारातलं आहे, वेल्डिंग मशीनचं असावं, किलोवर घेतलं.

६ एप्रिल, रविवार

दोन्ही चॅनल चालू, आणि हम. चांगला जाड, षड्जासारखा स्थिर हम. आधी ठरवायचं की ५० हर्ट्झचा आहे का १०० चा. १०० असेल तर रेक्टिफायर-कंडेन्सरकडे बघायचं, ५० असेल तर वायरिंग, अर्थिंग, लूप. फोनवर स्पेक्ट्रम काढला, ५० चा. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि हम गायब! लावला, परत हजर. म्हणजे लूप: चार्जरची तिसरी पिन, यूएसबीतून डॅक, डॅकमधून अँप, अँपची तिसरी पिन, आणि परत भिंतीत.

मल्टीमीटरने न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मोजलं तर ११ व्होल्ट. राजेंद्रनगरचं हे घर बाबांनी बांधलेलं, अर्थिंगचा खड्डा बागेत जास्वंदीखाली कुठेतरी. इलेक्ट्रिशियन बोलावला, खणलं, पाणी घातलं, मीठ-कोळसा भरला, नवी पट्टी. आता २ व्होल्ट. आईचं म्हणणं की तुझ्या गाण्यापायी जास्वंद गेली. गेली नाही, पण रुसलीय.

हम कमी झाला, संपला नाही. मित्राने यूएसबी आयसोलेटर दिला, एडीयूएम४१६० चिपवाला, आणि एकदम शांत. मात्र आता २४/१९२ ची फाइल वाजेचना, डॅक ९६ च्या वर काही दाखवेचना. डोकं खाजवल्यावर कळलं की ही चिप यूएसबीचा १२ मेगाबिटवालाच स्पीड जाऊ देते, आणि त्या स्पीडला ऑडिओचं पार्सल दर मिलिसेकंदाला जास्तीत जास्त १०२३ बाइटचं. २४/९६ स्टिरिओला लागतात ५७६ बाइट, बसलं. २४/१९२ ला ११५२, नाही बसत. डीएसडी६४ पीसीएमच्या (सीडी-फ्लॅकवाल्या साध्या फॉरमॅटच्या) डब्यात घालून पाठवतात तेव्हा तो डबा १७६.४ किलोहर्ट्झचा असतो, तोही नाही बसत. तर फॉरमॅट आणि हार्डवेअर जुळण्याचा पहिला खराखुरा धडा हा मिळाला, आणि तो अँपमधे नव्हताच, चारशे रुपयांच्या डबीत होता.

शेवटी आयसोलेटर परत केला आणि लॅपटॉपच्या जागी रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) लावला, त्याचा अडॅप्टर दोन पिनचा, अर्थच नाही त्यामुळे लूपच नाही. सगळे फॉरमॅट चालू.

१३ एप्रिल, रविवार

गेन कमी केला. फीडबॅकमधला १ के चा रेझिस्टन्स काढून २ के टाकला, म्हणजे १ + २०/२ = ११. एवढंच. सातवर आणायचा मोह झाला होता पण ही चिप १० च्या खाली डगमगते, ऑसिलेट होते, डेटाशीटमधे स्पष्ट लिहिलंय. खालचा कंडेन्सर २२ मायक्रोफॅरडचाच ठेवला त्यामुळे बेसची हद्द ७ हर्ट्झवरून साडेतीनवर आली, ते फुकटात.

फरक? ट्वीटरला कान लावला की पूर्वी बारीक फुसफुस होती ती साडेपाच डीबीने उतरली, पण खुर्चीवरून ती आधीही ऐकू येत नव्हती, खोटं कशाला बोलू. खरा फरक नॉबमधे. स्वस्तातला ५० के चा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टन्स) खालच्या टोकाला दोन्ही बाजू सारख्या देत नाही, आणि मी कायम त्याच टोकाला असायचो, त्यामुळे तानपुरा माझ्या घरी नेहमी डावीकडे बसायचा. मी तर हे रेकॉर्डिंगचं वैशिष्ट्य समजत होतो!! आता नॉब अकरा-बारावर आणि तानपुरा मधोमध, गवयाच्या मागे, जिथे असायला हवा.

२० एप्रिल, रविवार

लिन्स्ली हूड पेटवला. पेटवला हाच शब्द. २७ व्होल्ट, दर चॅनल १.२ अँपिअर, म्हणजे गाणं असो नसो ३२-३२ वॉट उष्णता सतत, दोन्हीची मिळून ६५. खोलीत संध्याकाळी ३६, हीटसिंक तासाभरात ७१. आई म्हणाली यावर पापड भाजून होतील, आणि विनोद म्हणून नाही, खरंच उडदाचा पापड घेऊन आली होती.

आवाज सुंदर आहे. हे लिहायलाच हवं. जुने २एन३०५५, चार ट्रान्झिस्टर, साठच्या दशकाचं सर्किट आणि बायकांचा आवाज त्यात असा येतो की बसून राहावं. पण सुंदर असण्याचं कारण फाइल डीएसडी आहे हे मात्र नाही, कारण सीडीची फाइल लावली तरी तितकाच सुंदर. क्लास ए मुळे आउटपुटचे दोन ट्रान्झिस्टर कधी बंद होत नाहीत, त्यामुळे अगदी हळू आवाजात, शून्याजवळून सिग्नल जाताना सांधा लागत नाही, आणि आपण ऐकतोच पाव वॉटवर. एबी मधे हा सांधा असतो, बायस (थोडा करंट कायम वाहता ठेवणं) नीट लावलं की बराच झाकला जातो. म्हणजे क्लास ए चा संबंध बिटशी नाही, व्हॉल्यूमशी आहे.

अडचण दुसरी आहे. संध्याकाळी सातला सगळ्यांचे कूलर-एसी लागले की व्होल्टेज २०८, रात्री अकराला २४०, आणि माझा सप्लाय रेग्युलेटेड नाही, त्यामुळे करंट १.०५ पासून १.३५ पर्यंत हिंडतो. रात्री जास्त तापतो. रेग्युलेटर घातला तर त्याचीही उष्णता. थंडीपर्यंत कपाटात ठेवणार, जानेवारीत हीटर म्हणून काढू, खोली पण गरम होईल.

२७ एप्रिल, रविवार

ठेवायच्या आधी एक काम राहिलं होतं. मित्राचा ऑसिलोस्कोप आणला आणि डीएसडीची फाइल लावून डॅकचं आउटपुट बघितलं.

डीएसडी६४ म्हणजे एकच बिट पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, सीडीच्या ६४ पट. एका बिटमधे नॉईज प्रचंड असतो, तो ऐकू येणाऱ्या भागातून ढकलून वर, साधारण २५ किलोहर्ट्झच्या पुढे नेऊन टाकतात. घर झाडून केर शेजाऱ्याच्या दारात. १९९९ मधे सोनी आणि फिलिप्सने एसएसीडी (सुपर ऑडिओ सीडी) आणली तेव्हापासूनच हे ठाऊक आहे, म्हणून प्लेअरमधे वरून गाळणी लावायची पद्धत. माझ्या डॅकची गाळणी सौम्य आहे. स्कोपवर १ किलोहर्ट्झची लाट छान दिसते पण तिच्यावर केसाळ जाळी, २० एक मिलिव्होल्टची. तीच लाट पीसीएम फाइलमधून लावली की स्वच्छ, रेघ ब्लेडने कापल्यासारखी.

आता ही जाळी लांब बँडविड्थच्या अँपमधून जशीच्या तशी पुढे जाते, ११ ने गुणून. ट्वीटर जळणार नाही, पाव व्होल्ट म्हणजे ८ मिलिवॉट. पण काम नसलेली गोष्ट अँपने का वाहायची, आणि अँप जरा तिरका, म्हणजे लाट वाकडी करणारा, असला तर तीच जाळी आपसात मिसळून खाली, ऐकू येणाऱ्या भागात उतरू शकते. म्हणजे माझी पहिली समजूत बरोब्बर उलटी निघाली: "हाय-रेझला लांब बँडविड्थ" हवी असं नाही, उलट दारात गाळणी हवी. १ के आणि २.२ नॅनोफॅरड घातले, ७२ किलोहर्ट्झपासून उतार. २० किलोहर्ट्झला ०.३ डीबी जातात, माझ्या वयाच्या कानाला तिथे तसंही काही उरलेलं नाही.

४ मे

काही नाही. उज्जैनला लग्न.

११ मे, रविवार

आंधळी परीक्षा. भाचीने गेल्या महिन्यात तिच्या क्लासमधे तानपुरा आणि थोडा यमन २४/९६ ला रेकॉर्ड केला होता, कॉम्प्रेसर नाही काही नाही, कोरी फाइल. तीच सॉक्स नावाच्या प्रोग्रॅमने डिदर (मुद्दाम मिसळलेला बारीक नॉईज) घालून १६/४४.१ केली. मग फूबार प्लेअरमधे एबीएक्स, म्हणजे न सांगता वाजवलेली फाइल दोन्हींपैकी कुठली ते १६ वेळा ओळखायचं, १२ बरोबर आले तर काहीतरी ऐकू येतंय म्हणायचं. मला ९. भाचीला १०. आई आठव्या वेळेला म्हणाली की मला दोन्ही आवडलंय, आता चहा टाकू का.

मग डीएसडी विरुद्ध त्याचंच पीसीएम, आणि मला १६ पैकी १५! उड्या मारायच्या बाकी होत्या. भाची म्हणाली, "मामा, पहिलं जरा मोठं नाही का वाजत?" मीटर लावला तर बरोबर ६ डीबीचा फरक. डीएसडीत शून्य डीबी ५० टक्के मॉड्युलेशनला धरतात, त्यामुळे पीसीएमशी लेव्हल सहाने घसरते आणि सॉफ्टवेअरमधे ते भरून काढायचा टॉगल असतो, तो माझा बंद. चालू केला. ८ आले. आणि जे मोठं वाजतं ते माणसाला चांगलंच वाटतं, दुकानातले डेमो यावरच चालतात.

अभ्यास लोकांनी माझ्यापेक्षा बरे केलेत. २००७ मधे मेयर आणि मोरन यांनी हाय-रेझच्या मधे १६/४४.१ चा अडथळा घालून बघितलं, लोकांना कळलं नाही. २०१६ मधे लंडनच्या क्वीन मेरी युनिव्हर्सिटीतल्या जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून आकडा काढला ५२.३ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा किंचित जास्त, आणि सराव दिलेल्या लोकांना बरं जमतं. म्हणजे फरक आहे का, तर असेल थोडा. पण माझ्या खोलीत नाही, आणि का नाही ते पुढे कळलं.

२५ मे, रविवार

टीपीए३२५५ चा बोर्ड. गार. एवढासा. हाताला ताप नाही, वीज खात नाही, गेन साडेएकवीस डीबी म्हणजे जवळजवळ १२, जसा हवा तसाच. फुसफुस एलएम३८८६ पेक्षा किंचित जास्त पण ट्वीटरला कान चिकटवला तरच. क्लास डी ला सीडीपुरता समजत होतो त्याबद्दल माफी.

पण. (हा "पण" लिहायला मला दोन रविवार लागले.) क्लास डी मधे आउटपुटला कॉइल आणि कंडेन्सर असतो, स्विचिंगचा कचरा अडवायला. या बोर्डावर १० मायक्रोहेन्री आणि १ मायक्रोफॅरड, आणि फीडबॅक या फिल्टरच्या आधीच घेतलेला, त्यामुळे फिल्टर काय करतो याच्यावर चिपचं लक्ष नाही. तो काय करतो हे स्पीकर ठरवतो. ४ ओमचा रेझिस्टन्स लावला तर २० किलोहर्ट्झला अर्धा डीबी खाली, ८ ओमला जवळजवळ १ डीबी वर, काहीच न लावता दीड वर. इथपर्यंत ठीक, एवढ्याने कुणी मरत नाही. आता या कॉइल-कंडेन्सरची स्वतःची फ्रिक्वेन्सी काढा: ५० किलोहर्ट्झ. आणि खरा ट्वीटर तिथे ८ ओमचा नसतो, त्याची कॉइल वर चढत चढत १५-२० ओमची झालेली असते, म्हणजे दाबून धरणारं कुणी नाही, ५० ला टेकडी, माझ्याकडे ८ डीबीची.

आणि डीएसडी६४ चा केर कुठे जाऊन पडलेला? तिथेच.

स्कोपवर बघितलं, जाळी अँपच्या पलीकडे दुपटीपेक्षा जास्त फुगलेली. ही एक जोडी खरोखर जमत नाही, आणि कुणी सांगत नाही, कारण डबीवर दोन्हीकडे "डीएसडी सपोर्ट" आणि "हाय-रेझ" चा सोनेरी स्टिकर. उपाय तीन आहेत. फीडबॅक फिल्टरच्या नंतरून घ्यायचा, चिप बनवणाऱ्यांनीच त्याची पद्धत लिहून दिलीय, पण बारीक सोल्डरिंग आणि चुकलं तर बोर्ड गेला, धाडस नाही. दुसरा, स्पीकरच्या टर्मिनलवर १० ओम आणि ०.२२ मायक्रोफॅरड, टेकडी बरीच बसते. तिसरा सगळ्यात सोपा, रास्पबेरी पायमधेच डीएसडीचं ८८.२ चं पीसीएम करून टाकायचं, ४० च्या वरचं सगळं तिथेच कापलं जातं. दुसरा आणि तिसरा केला. स्कोप स्वच्छ. ऐकायला फरक? शपथेवर सांगता येणार नाही. पण आता झोप लागते.

८ जून, रविवार

आज अँपला हात नाही, अण्णाकाकांच्या कॅसेटी. रामबागेतल्या जुन्या घरी ८३-८४ च्या सुमारास ज्या बैठका व्हायच्या त्यातली एक. २४/९६ ला भरली खरी, पण स्पेक्ट्रम बघितला तर १३-१४ किलोहर्ट्झच्या वर फक्त टेपची सळसळ, आणि सळसळ ते गाण्याचं टोक यात जेमतेम ५० डीबी. ९ बिटात मावेल. तरी २४ ला भरतो कारण भरताना लेव्हल खाली ठेवता येते, अचानक तिहाई आली तरी वर आपटत नाही, नंतर साफ करायला जागा राहते. भरायला २४, ऐकायला १६, असं माझं आता मत झालंय.

एक गंमत. गाणाऱ्या बुवांचा सा १४१.५ हर्ट्झवर येत होता. अण्णाकाका फोनवर म्हणाले बुवा कायम काळी एकलाच (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) गायचे, म्हणजे १३८.६ हवा. तर टेप दोन टक्के पळतेय. मी शहाणपणा केला की टेपमधे हम आहेच, तो ५० वर आणला की स्पीड बरोबर! हम होता ४९.६ वर, म्हणजे त्या हिशोबाने टेप उलट हळू चालतेय. अर्धा तास डोकं धरून बसलो. मग आठवलं की त्या काळी ग्रिडच ५० वर कुठे थांबायचं, ४८ ते ५२ च्या मधे हिंदकळत असायचं, संध्याकाळी लोड वाढला की खाली. सा काळी एकला आणला तर हम येतो ४८.६ वर. म्हणजे त्या संध्याकाळी अर्ध्या मध्य प्रदेशात दिवे मंद होते आणि बुवा सुरात होते. पेटी ४४० ला लावलेली होती याची ग्यारंटी अण्णाकाका देतायत, मी नाही.

१५ जून, रविवार

फोनवरच्या ॲपने खोली मोजली. ॲप काही फार भरवशाचं नाही पण अंदाज येतो. पंखा तीनवर: ४८ डीबी. पंखा बंद, रात्री बारा, शेजारचा कूलर चालू: ३९. मी ऐकतो तेव्हा टोक जातं ९५ पर्यंत. ९५ वजा ४८ म्हणजे ४७ डीबी, ८ बिट. कान नॉईजच्या खालचंही थोडं पकडतो, म्हणून हिशोब इतका सरळ नाही, तरी २४ मधले बरेचसे बिट माझ्या घरी पंख्याच्या पात्यांवरच बसलेले असतात. मे महिन्यातल्या परीक्षेत पंखा चालू होता हे लिहायचं राहिलं. बंद करून देणार होतो, आईने दिला नाही.

१९ जून, गुरुवार

संध्याकाळी जोरात पाऊस, साडेसातला लाइट गेली, आणि गेली ती गेलीच. मेणबत्ती शोधताना कोपऱ्यात यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ एएचच्या दोन बॅटऱ्या दिसल्या. दोन्ही सिरीजला लावल्या, २४ व्होल्ट, टीपीए३२५५ ला १८ पासून ५३ पर्यंत काहीही चालतं. रास्पबेरी पाय आणि डॅक पॉवरबँकवर. पाच मिनिटांचं काम, टॉर्च आईने धरला.

पंखा बंद, शेजारचा कूलर बंद, सगळ्या गल्लीतले बंद, पाऊसही तोवर थांबलेला. बॅटरीवर असल्यामुळे अर्थिंगचाही प्रश्न नाही. ॲप म्हणालं २९, इतका खालचा आकडा पहिल्यांदा बघितला.

रामबागेची कॅसेट लावली. तानपुरे सुरू झाले, बुवांनी खाकरून घेतलं, कुणीतरी बशी खाली ठेवली. आणि मागे एक बारीक आवाज, कट्... कट्... कट्, एका लयीत, पूर्वी कधी ऐकला नव्हता. आधी वाटलं बोर्ड गेला. मग वाटलं बॅटरीचं कनेक्शन. वायरी हलवून बघितल्या, पॉज केलं तर आवाज थांबला, सोडलं की परत. फाइलमधेच आहे.

आई अंधारातून म्हणाली, "अरे तो रामबागेतला पंखा. तेल घाला तेल घाला म्हणून मी किती वर्षं सांगत होते त्यांना."